मागचा अ‍ॅक्सल शाफ्ट टेपरपाशीच तुटला: नवा बसवण्याआधी काय काय तपासायचं?

पितळी_रेडिएटर (प्रश्न)

गाडी १९३० ची फोर्ड मॉडेल ए. इंजिन, गिअरबॉक्स, डिफरन्शिअल सगळं मूळचं, टायर ४.७५-१९. डावा मागचा शाफ्ट तुटला. सपाट रस्ता, दुसरा गिअर, कुठलाही झटका नाही, आणि अचानक इंजिन नुसतंच फिरायला लागलं. तुटल्याची जागा टेपरच्या (शाफ्टचा बाहेरचा निमुळता भाग, ज्यावर चाकाचा हब बसतो) जाड टोकाला, कीची (शाफ्ट आणि हबच्या खाचेत बसणारी पोलादी पट्टी) खाच जिथं आत संपते बरोबर तिथं.

जे दिसतंय ते लिहितो:

- तुटलेल्या तोंडाचा साधारण दोन-तृतीयांश भाग गुळगुळीत आणि तपकिरी आहे, त्यावर कमानीसारख्या बारीक रेषा आहेत. उरलेला भाग खडबडीत, करडा, चमकणारा.
- खाचेत आणि हबच्या भोकात लालसर पूड. तेल लावून पुसली तर बोटाला पेस्टसारखी लागते.
- कीच्या दोन्ही कडांना पायरी पडली आहे.
- स्प्लिट पिन जागेवर होती, तरी नट साध्या पान्यानं जोर न लावता सुटला.
- उजवं चाक वर उचलून वर-खाली हलवलं तर किंचित खेळ जाणवतो.

प्रश्न असे. धातूच खराब होता का? नवा शाफ्ट मूळ प्रकारचा घ्यावा की ईएन-२४ (जास्त ताकदीचं मिश्र पोलाद) चा करून घ्यावा? उजवाही बदलावा का? आणि हब तोच ठेवून मध्ये पत्र्याची टेपर शिम (पातळ निमुळतं अस्तर) घातली तर चालेल का? शिम घालण्याचा सल्ला दोघांनी दिला आहे.

---

टेपरवाला

फोटो नसला तरी चालेल, वर्णनातच सगळं आलंय. हा शाफ्ट एका दिवसात तुटलेला नाही. कमानीच्या रेषा म्हणजे तडा टप्प्याटप्प्यानं पुढं सरकल्याच्या खुणा. गुळगुळीत तपकिरी भागात तडा आधीपासून होता, हवा-ओल आत जाऊन गंजला. करडा भाग तेवढा शेवटच्या क्षणी तुटला. म्हणजे शेवटी पूर्ण भार एक-तृतीयांश धातूवर होता, आणि तेवढ्यानंही तो सपाट रस्त्यापर्यंत तगला. धातू ठिसूळ किंवा हलका असता तर तडा थोडाच पुढं जाऊन बाकीचा मोठा भाग एकदम गेला असता. त्यामुळे धातूला दोष देऊ नका.

तुलनेसाठी इतर प्रकारही सांगतो, कारण तुटलेला तुकडा भंगारात टाकण्याआधी तो वाचता आला पाहिजे. शाफ्ट आडवा, सरळ कापल्यासारखा आणि तोंडावर गोल भोवऱ्यासारखी खूण असेल, तर नरम धातू पिळाच्या अतिभारानं गेला. ४५ अंशात मळसूत्रासारखा फाटला असेल तर कडक केलेला, ठिसूळ शाफ्ट पिळानं गेला. स्प्लाइनच्या (शाफ्टच्या टोकावर लांबीच्या दिशेनं कापलेले दात) प्रत्येक खाचेतून मध्याकडे जाणारे चांदणीसारखे तडे दिसले तर आलटून-पालटून उलटसुलट पिळ बसून आलेला थकवा. आणि कडेपासून सुरू होऊन कमानी टाकत आडवा गेलेला तडा म्हणजे फिरता फिरता वाकणं. तुमचा हा शेवटचा.

फिरता फिरता वाकणं म्हणजे काय ते नीट लक्षात घ्या. शाफ्ट जराही वाकत असेल तर त्याच्या पृष्ठभागावरचा प्रत्येक ठिपका दर फेऱ्याला एकदा ताणला जातो आणि एकदा दाबला जातो. तुमच्या टायरची त्रिज्या साधारण ०.३६ मीटर धरली तर एका किलोमीटरला चाक सुमारे ४४० फेरे घेतं. म्हणजे दहा लाख आवर्तनं व्हायला जेमतेम २,२६० किमी लागतात. पहिल्या गिअरचे झटके एवढ्या अंतरात फार तर काही शे बसतील. म्हणून क्लच कितीही जपून सोडला तरी वाकणं चालू असेल तर शाफ्ट जाणारच.

आता नेमका तिथंच का? कारण त्या एका जागी चार गोष्टी एकत्र येतात. हबची आतली कड तिथं शाफ्टला चिमटते. वाकण्याचा जोर तिथंच सर्वात जास्त असतो. खाचेचं टोक म्हणजे धारदार कोपरा. आणि नट ढिला असेल तर हब टेपरवर सूक्ष्म घसरत राहतो आणि पृष्ठभाग कुरतडला जातो. तुमची लाल पूड ही त्या कुरतडण्याचीच आहे. ती साधा गंज नाही. कुरतडलेल्या पृष्ठभागावर तडा सुरू व्हायला लागणारा ताण निरोगी पृष्ठभागाच्या मानानं खूपच कमी असतो.

की विषयी एक गैरसमज फार पसरलेला आहे, की इंजिनाचा जोर चाकापर्यंत कीच नेते. रोजच्या चालण्यातला पिळ टेपरच्या घर्षणानं जायला हवा. की ही झटक्याला मदत म्हणून. नटाचा ताण निम्मा झाला की घर्षणाची पकडही निम्मी होते, मग पुढं-मागं होणारा प्रत्येक धक्का कीच्या कडांवर येतो. तुमच्या कीवरच्या पायऱ्या तेच सांगतात. स्प्लिट पिन शाबूत होती याला अर्थ नाही. पिन नट फिरू देत नाही इतकंच. हब टेपरवर आत सरकला, वॉशर दबला, तर नट न फिरताही ताण संपतो.

उजवा शाफ्ट बदला. त्यानं तेवढेच किलोमीटर, तेवढ्याच ढिलाईत काढले आहेत. शिवाय मॉडेल ए मध्ये डिफरन्शिअलचा बाजूचा गिअर शाफ्टच्या टोकालाच घडवलेला असतो. एक शाफ्ट काढायचा तरी टॉर्क ट्यूबसकट (प्रोपेलर शाफ्टभोवतीची नळी) अख्खा मागचा संच खाली घेऊन हाउसिंग (शाफ्टभोवतीचं अ‍ॅक्सलचं आवरण) आणि डिफरन्शिअलची पेटी उघडावीच लागते. तेच काम सहा महिन्यांनी पुन्हा कशाला?

---

मायक्रोमीटर_मामा

टेपरवाल्यांनी नटापर्यंत आणलं, मी एक पायरी मागं जातो. प्रश्नातली शेवटची ओळ सगळ्यात महत्त्वाची आहे: उजवं चाक वर-खाली हलतंय.

मॉडेल ए चा मागचा अ‍ॅक्सल थ्री-क्वार्टर फ्लोटिंग. गाडीचं वजन शाफ्टवर नसतं. ते हाउसिंगच्या टोकावर चालणाऱ्या रोलर बेअरिंगवर असतं. पण हब शाफ्टला टेपरनं घट्ट जोडलेला असल्यामुळे चाक तिरकं व्हायला बघतं तेव्हा त्याला सरळ धरायचं काम शाफ्टवर येतं. आणि बेअरिंगची आतली धाव म्हणून वेगळी रिंग नाही, रोलर थेट हाउसिंगच्या टोकावरच फिरतात. हाउसिंग स्थिर, भार कायम एकाच दिशेनं, त्यामुळे ते टोक खालच्या बाजूला झिजतं. नवे रोलर टाकले तरी ती झीज जात नाही. चाकाचा मध्य शाफ्टच्या मध्यापेक्षा वर सरकतो आणि शाफ्ट दर फेऱ्याला वाकतो. खरं कारण मला इथं दिसतंय. ढिला नट हा त्याचा जोडीदार.

तपासणी: हाउसिंगचं टोक रॉकेलनं स्वच्छ करा. मायक्रोमीटरनं वर-खाली आणि पुढं-मागं अशी दोन मापं, रोलरच्या पट्ट्यात तीन ठिकाणी घ्या. रोलर जिथं पोचत नाहीत त्या न झिजलेल्या पट्ट्याचं माप मूळ माप म्हणून धरा. फरक ०.०५ मिमीच्या आत असेल तर सोडून द्या. ०.१ मिमीच्या पुढं गेला, किंवा नखाला पायरी लागली, खड्डे दिसले, तर ते टोक लेथवर घासून कडक स्लीव्ह (नळीसारखं कवच) बसवून मूळ मापाला ग्राइंड करून घ्यायचं. वेल्डचा थर देऊन घासणारे भेटतील. त्यानं हाउसिंग वाकतं आणि पृष्ठभागही नरम राहतो. नाही म्हणा. हबमधला रोलरचा पृष्ठभागही त्याच वेळी बघा.

दुसरं, हाउसिंग वाकलेलं आहे का. संच खाली घेण्याआधी हे गाडीवरच कळतं. मागच्या दोन्ही रिमांवर आतल्या कडेला खडूनं एकेक खूण करा. खुणा पुढच्या बाजूला, हबच्या उंचीला आणून दोन खुणांमधलं अंतर मोजा. गाडी ढकलून चाकं बरोबर अर्धा फेरा फिरवा, त्याच खुणा मागं आल्या की पुन्हा मोजा. खूण तीच असल्यामुळे रिमचा डुगडुगाट मापात येत नाही. फरक ३ मिमीपेक्षा जास्त असेल तर हाउसिंगचा एक हात पुढं किंवा मागं वाकलेला समजा. तसंच खुणा वर आणि खाली आणून मोजलं की उभा वाक कळतो, पण खालचं माप घ्यायला गाडी हाउसिंगला टेकू देऊन उचलावी लागेल आणि चाकांवर वजन राहणार नाही. वजनानं येणारा वाक त्यात धरलेला नाही हे ध्यानात ठेवा.

एक इशारा, आणि तो कोणी लिहीत नाही म्हणून लिहितो. मागची स्प्रिंग आडवी, एकच, आणि बसवलेल्या अवस्थेत प्रचंड ताणात असते. स्प्रेडर (स्प्रिंग ताणून धरणारं अवजार) लावल्याशिवाय शॅकल (स्प्रिंगच्या टोकाची जोडकडी) काढायचा नाही. जॅक, लाकडाचे ठोकळे, साखळी असले जुगाड करून हात तुटलेले आहेत लोकांचे.

---

टॉर्क_ते_तळ

माझं मत थोडं वेगळं. एवढं मोजमाप करण्यापेक्षा ईएन-२४ टी चे दोन शाफ्ट करून घ्या आणि विसरा. ८५० ते १,००० मेगापास्कल ताणशक्ती असलेला धातू जुन्या काळच्या पोलादाच्या कितीतरी पुढं आहे. शिवाय हिशेब करून बघा: इंजिनाचा १७४ न्यूटन मीटर, पहिला गिअर ३.१२, क्राउन-पिनियन ३.७८. गुणाकार सुमारे २,०५० न्यूटन मीटर, दोन शाफ्टांत विभागून प्रत्येकी १,०२५. शाफ्ट २८ मिमी धरला तर पिळाचा ताण २३८ मेगापास्कल होतो, तोही कीची खाच न धरता. खाचेमुळे दुप्पट धरा. जुन्या धातूला हे झेपणारं नाही.

---

मायक्रोमीटर_मामा

गुणाकार बरोबर आहे, पण तेवढा पिळ शाफ्टपर्यंत स्थिरपणे पोचतच नाही. मागच्या प्रत्येक चाकावर ३०० किलो वजन, घर्षण ०.७, त्रिज्या ०.३६. म्हणजे ७४० न्यूटन मीटरला टायर घसरतो. शाफ्टवरचा ताण १७२ मेगापास्कलवर थांबतो. जुना अरुंद टायर हाच या गाडीचा फ्यूज आहे. त्याउलट कोणी रुंद, चिकट टायर घातले किंवा मागच्या सीटवर चार जण बसवून चढावर क्लच सोडला, की फ्यूजची मर्यादा वर सरकते आणि भार शाफ्टला जातो. डिफरन्शिअल वेल्ड करून जाम केलेल्या गाडीत तर एका चाकाखाली पकड नसली की जवळजवळ सगळा पिळ दुसऱ्या एकट्या शाफ्टवर.

राहिला ईएन-२४. वाईट नाही, पण इथं फायदा समजता तेवढा नाही. हाउसिंग झिजल्यामुळे शाफ्ट किती वाकणार हे झिजेवर ठरतं, शाफ्टच्या ताकदीवर नाही. सगळ्या पोलादांची लवचिकता जवळजवळ सारखीच, सुमारे २०५ गिगापास्कल. तेवढंच वाकवलं तर ईएन-२४ मध्येही तेवढाच ताण येणार. थकवा सोसायची मर्यादा वाढते हे खरं, पण कुरतडलेल्या टेपरवर ती वाढ बरीचशी वाया जाते, आणि पोलाद जितकं ताकदीचं तितकं ते धारदार कोपऱ्याला जास्त बिचकतं. आधी हाउसिंग, मग टेपर, मग हवा तो धातू.

करूनच घेणार असाल तर कागदावर हे लिहून द्या, तोंडी सांगू नका:

खाच डिस्क कटरनं कापायची, म्हणजे तिचा शेवट उतरत्या घसरगुंडीसारखा होतो. एंडमिलनं कापलेल्या खाचेचा शेवट उभ्या भिंतीसारखा असतो आणि तडा तिथूनच धरतो. खाचेच्या तळाच्या कोपऱ्यांना ०.४ ते ०.५ मिमी त्रिज्या. टेपर संपतो तिथं पायरी नको, गोलाई हवी. पृष्ठभाग ग्राइंड केलेला, आणि शेवटचं पॉलिश शाफ्टच्या लांबीच्या दिशेनं. आडवे ओरखडे म्हणजे तयार तडे. क्रोमचा थर अजिबात नको. टेपरवर हार्डनिंग करणार असतील तर कडक पट्टा हबच्या कडेखालीच संपू देऊ नका, तो पुढं न्या.

---

टॉर्क_ते_तळ

वाकणं विस्थापनावर ठरतं हा मुद्दा मान्य. पण हाउसिंग दुरुस्त केल्यावर ईएन-२४ ला हरकत नसावी.

---

मायक्रोमीटर_मामा

मुळीच नाही.

---

टेपरवाला

आता टेपर बसवण्याचं. हेच काम घाईत होतं म्हणून सविस्तर.

हब काढताना: हबच्या आट्यांवर किंवा मागून पकडणारा स्क्रूचा पुलर वापरा. शाफ्टच्या टोकावर ठोकून हब सुटवणारी टोपी मिळते, ती वापरू नका. तो दणका शाफ्टमधून थेट डिफरन्शिअलमध्ये जातो. नट उलटा करून टोकाशी समपातळीत ठेवा, आटे वाचतात. पुलर ताणून रात्रभर ठेवला तर पुष्कळदा हब आपसूक सुटतो. गॅसची ज्योत लावून लाल करायचं नाही.

हबची तपासणी: भोकातली खाच रुंद झाली असेल, भोकाला घंटेसारखा आकार आला असेल किंवा खाचेच्या कोपऱ्यातून बारीक रेघ निघाली असेल तर हब बाद. तुमच्या कीला पायरी आहे म्हणजे हबची खाचही बिघडली असणार, हे मी न बघता धरून चालतो. पायरीची की करून दोन वेगळ्या रुंदीच्या खाचा जुळवण्याची पद्धत आहे. हबचा पर्याय मिळत नसेल तरच.

जुळणी:

१. की न लावता सुरुवात. शाफ्टच्या टेपरवर मार्किंग ब्लूचा (कुठं टेकतंय ते दाखवणारा निळा रंग) अगदी पातळ थर, हब हातानं दाबून बसवा, जरासा फिरवा, काढा. भोकात ७५ टक्क्यांहून जास्त भागावर निळं उमटायला हवं, आणि ते जाड टोकाकडे नक्की हवं. फक्त बारीक टोकाला लागत असेल तर हब जाड टोकाला डोलतो, आणि तुमचा शाफ्ट तुटला तीच जागा पुन्हा.

२. कमी भरलं तर व्हॉल्व्हची बारीक ग्राइंडिंग पेस्ट लावून हब शाफ्टवर घासा. पाव फेरा पुढं-मागं, उचला, जागा बदला, पुन्हा. अति करू नका. टेपर १:८ असेल तर दोन्ही मिळून व्यासात ०.१ मिमी गेलं की हब ०.८ मिमी आत सरकतो. शाफ्टवर जाड टोकाला घासण्याची कड उमटली तर ती गोल पॉलिश करून टाका, नाहीतर तीच नवी पायरी.

३. पेस्टचा कण न कण काढा. पेट्रोल किंवा थिनरनं दोनदा धुवा आणि कोरडं करा. टेपर कोरडाच बसवतात. ग्रीस लावलं तर नट त्याच टॉर्कला हब जास्त चढवतो, भोकात जास्त ताण येतो.

४. की बाजूंनी घट्ट, अंगठ्यानं दाबून किंवा हलक्या टिचकीनं बसणारी. पण तिच्या डोक्यावर ०.१ ते ०.२ मिमी मोकळीक हवीच. डोकं हबच्या खाचेला टेकलं तर हब टेपरवर एका बाजूनं उचलला जातो. नट कितीही आवळा, पकड येत नाही. तपासायला कीवर प्लास्टिसिनचा तुकडा ठेवून हब बसवा, काढून जाडी बघा.

५. हब पूर्ण बसल्यावर टेपरचं बारीक टोक हबच्या बाहेरच्या तोंडापेक्षा २ ते ३ मिमी आत असायला हवं. ते समपातळीत आलं असेल तर वॉशर हबऐवजी शाफ्टच्या खांद्यावर दाबतो. नट घट्ट वाटतो, हब मोकळाच.

६. जाड, सपाट, कडक वॉशर. पातळ नरम वॉशर दबतो आणि ताण सोडतो. आट्यांना आणि नटाच्या बैठकीला तेलाचा थेंब, टेपरला नाही. मॉडेल ए ला १०० ते १२५ फूट-पाऊंड, म्हणजे साधारण १३५ ते १७० न्यूटन मीटर. दुसरी गाडी असेल तर तिच्या पुस्तकातला आकडा घ्या. स्प्लिट पिनची खाच जुळली नाही तर पुढच्या खाचेपर्यंत आवळा. मागं घ्यायचं नाही.

७. ८० ते १०० किमी चालवून पिन काढा, पुन्हा टॉर्क बघा, नवी पिन घाला. नवा टेपर थोडा बसतोच. ५०० किमीला पुन्हा एकदा. पुढं वर्षातून एकदा, ब्रेकचं काम निघेल तेव्हा.

शिमबद्दल: झिजलेल्या हबमुळे ड्रम आत जाऊन बॅकप्लेटला घासतो, तेव्हा शिम घालून हब बाहेर आणतात. १:८ टेपरवर ०.१२५ मिमी जाडीची शिम हबला २ मिमी बाहेर आणते, त्या हिशेबानं तिचं काम ती करते. पण एकाऐवजी दोन पृष्ठभाग घसरायला मिळतात, आणि बिघडलेल्या भोकाचा आकार शिम सुधारत नाही. भोक गोल आणि निळं छान उमटणारं असेल, फक्त खोली जास्त झाली असेल, तर एक शिम, एकच, चिरेची जागा खाचेवर येईल अशी. लाल पूड निघालेल्या तुमच्या हबला नाही.

---

दोन_सीटर

माझ्याकडे टेपरऐवजी स्प्लाइनचे शाफ्ट असलेली गाडी आहे, ऑस्टिन-हीली स्प्राइट. त्याला यातलं काय लागू होतं? आणि न तुटलेल्या शाफ्टमध्ये तडा आहे का ते घरी कळतं का?

---

मायक्रोमीटर_मामा

स्प्राइट आणि मिजेटमध्ये तुटायची जागा बहुधा डिफरन्शिअलकडच्या स्प्लाइनचं टोक. तिथं वाकण्यापेक्षा पिळ मुख्य. शाफ्ट बाहेर काढून स्प्लाइन डोळ्यासमोर सरळ धरा: दात जराही मळसूत्री वळलेले दिसले तर धातूनं हार मानलेली आहे, तो शाफ्ट परत घालू नका. नवा शाफ्ट बसवताना त्याच्यावर लांबीभर रंगाची एक सरळ बारीक रेघ मारून ठेवा. पुढच्या वेळी काढल्यावर रेघ सरळ आहे का एवढंच बघायचं. डावा-उजवा अशी खूणही करा आणि बाजू बदलू नका. पुढं जाण्याचा पिळ शाफ्टला कायम एकाच दिशेनं बसलेला असतो, तो उलटवायचा नाही.

लोकांना पटत नाही अशी एक गोष्ट: चांगल्या स्प्लाइन शाफ्टचा मधला भाग स्प्लाइनच्या तळव्यासापेक्षा किंचित बारीक असतो, आणि तो मुद्दाम तसा असतो. मधला भाग जाड ठेवला तर तो पिळत नाही, सगळा पीळ स्प्लाइनच्या टोकाच्या काही मिलिमीटरमध्ये गोळा होतो. बारीक केला तर पीळ सगळ्या लांबीत वाटला जातो, झटका स्प्रिंगसारखा पचतो. मात्र हे नव्या डिझाइनमध्ये करायचं. हातातला शाफ्ट लेथला लावून बारीक करत बसू नका. व्यास १० टक्के कमी झाला तर ताकद २७ टक्के जाते, कारण ती व्यासाच्या घनावर अवलंबून असते.

तडा तपासायचा तर टांगून हातोडीनं टिचकी मारून आवाज ऐकणं विसरा. घरी डाय पेनिट्रंट (तड्यात शिरणारा रंग) चालतं. आधी रॉकेल, मग क्लीनर. वायरब्रश आणि शॉटब्लास्ट करू नका, तड्याचं तोंड दाबून बंद होतं. लाल डाय लावून १० ते ३० मिनिटं थांबा. पुसताना क्लीनर कापडावर घ्या, शाफ्टवर फवारू नका, नाहीतर तड्यातला डायही धुऊन जातो. डेव्हलपरचा पातळ थर, १० मिनिटांनी बघा. खाचेचं टोक, टेपरचं जाड टोक, स्प्लाइनचं टोक एवढ्या जागा भिंगानं.

त्याहून भरवशाची मॅग्नेटिक पार्टिकल तपासणी (शाफ्टला चुंबकत्व देऊन लोखंडाच्या पुडीनं तडा शोधणं). करून घेताना सांगा की आडवे तडे शोधायचेत, शाफ्ट कॉइलमध्ये धरून करा. शाफ्टमधून थेट वीज सोडली तर लांबीच्या दिशेचे तडे दिसतात, आडवे निसटतात. झाल्यावर चुंबकत्व काढून घ्या, नाहीतर बेअरिंगजवळ लोखंडाची पूड जमत राहते.

---

हँडब्रेक_नाना

वरचं सगळं झालं, आता चालवण्याच्या दोन गोष्टी आणि तुटल्यावर काय करायचं ते.

झटका बनतो तो मोकळ्या अंतरामुळे. युनिव्हर्सल जॉइंट, क्राउन-पिनियन, डिफरन्शिअलचे गिअर, कीची खाच, सगळ्यांचा खेळ एकत्र झाला की इंजिन आधी रिकामं पळतं आणि मग आदळतं. चाक धरून पुढं-मागं फिरवून खडखड ऐका. क्लच थरथरत असेल तर तो आधी दुरुस्त करा. तो दर वेळी शाफ्टला उलटसुलट पिळतो. फुटपाथची कड रिव्हर्समध्ये चढवणं टाळा. या गाडीत रिव्हर्सचा गिअर पहिल्यापेक्षाही जड आहे. चिखलात एक चाक रिकामं फिरत असेल तर ॲक्सिलरेटर सोडा, चाक थांबू द्या, मग हळू उचला. जोरात फिरणारं चाक अचानक कोरड्यावर पकड घेतं तेव्हाचा दणका वरच्या कुठल्याच गुणाकारात बसत नाही, कारण त्यात फिरणाऱ्या इंजिन-फ्लायव्हीलची साठलेली ताकदही उतरते.

काही जुन्या गाड्यांत हँडब्रेक गिअरबॉक्सच्या मागं, प्रोपेलर शाफ्टवर असतो. तो चालत्या गाडीत ओढला तर थांबवण्याचा सगळा जोर अ‍ॅक्सल शाफ्टांतून जातो. तो उभ्या गाडीपुरताच. आणि अशा गाडीचा एक शाफ्ट तुटला की हँडब्रेक शून्य. डिफरन्शिअल तुटक्या बाजूनं फिरतं, गाडी उतारावर निघते. दार उघडण्याआधी चाकाखाली दगड लावायला कोणाला तरी उतरवा, तोवर पाय ब्रेकवर.

वजन शाफ्टवरच असलेल्या सेमी-फ्लोटिंग अ‍ॅक्सलमध्ये बेअरिंगच्या बाहेर तुटलं तर चाक हब-ड्रमसकट निघून जातं. हायड्रॉलिक ब्रेक असतील तर ड्रम गेल्यावर व्हील सिलिंडरचे पिस्टन बाहेर पडतात आणि एकच सर्किट असलेल्या गाडीत पेडल तळाला जातं. थ्री-क्वार्टरमध्ये वजन बेअरिंगवर राहतं, पण चाकाला बाहेर सरकण्यापासून धरणारं काही उरत नाही. म्हणून दोरीनं ओढत नेऊ नका, मागची चाकं उचलून किंवा ट्रकवर घालून न्या. फुल फ्लोटिंगमध्ये (शाफ्टवर फक्त पिळ, चाक पूर्णपणे हाउसिंगवर) चाक जागेवर राहतं; तुटके तुकडे काढले तर ओढता येते.

पूर्वसूचना मिळतात. गाडी सोडताना एक ‘टक्’ आणि रिव्हर्स घेताना दुसरा ‘टक्’ म्हणजे हब कीवर हलतोय. हबच्या टोपीखाली लाल पूड. ड्रम बॅकप्लेटला अधूनमधून घासल्याचा आवाज, विशेषतः वळणावर. यातलं एकही दिसलं तर नट नुसता आवळून पुढं जायचं नाही, हब काढून की बघायची.

तुकड्यांचं: तुमचा शाफ्ट हबमध्ये तुटलाय, म्हणजे बाहेरचा ठोकळा हबमधून दाबून निघेल. तरी पेटी उघडल्यावर जुनं तेल पांढऱ्या कापडातून गाळून बघा. स्प्लाइनवाल्या गाडीत आतला ठोकळा डिफरन्शिअलच्या गिअरमध्ये अडकतो. दुसरा शाफ्ट काढून त्या बाजूनं लांब सळई घालून बाहेर ढकलतात, मध्ये पिन किंवा थ्रस्ट ब्लॉक आडवा येत नसेल तर. आला तर पेटी खाली घ्यायचीच.

---

पितळी_रेडिएटर

खडूच्या खुणांनी मोजलं, पुढं-मागं फरक १ मिमी, म्हणजे त्या दिशेला हाउसिंग सरळ. डाव्या टोकाला मायक्रोमीटर लावला: पुढं-मागं मूळ मापाच्या ०.०३ नं कमी, वर-खाली ०.१८ नं कमी, खाली नखाला पायरी लागते. दोन्ही टोकांना स्लीव्ह, दोन्ही शाफ्ट, दोन्ही हब नवे असं ठरवतोय. मूळ प्रकारचे शाफ्ट मिळतायत, तेच घेतो. नव्या हबलाही निळं लावून बघायचं का?

---

टेपरवाला

लावायचंच. नवा हब आणि नवा शाफ्ट वेगवेगळ्या मशीनवर बनलेले असतात, टेपरचा कोन किंचित वेगळा निघू शकतो. प्रत्येक हब ज्या शाफ्टशी जुळवलात त्याच्याच सोबत ठेवा, आतून खूण करा. आणि ०.१८ म्हटल्यावर रोलरही बदला, जुने रोलर नव्या स्लीव्हवर घालू नका.

---

मायक्रोमीटर_मामा

स्लीव्हवाल्याला सांगा, ग्राइंडिंग हाउसिंगच्या आतल्या मध्यरेषेला धरून करायचं, झिजलेल्या बाहेरच्या पृष्ठभागाला नाही. तिथं चुकलं तर टोक चकचकीत गोल होईल, पण मध्य झिजेएवढाच सरकलेला राहील. काम परत आल्यावर हाउसिंगचे दोन्ही हात मधल्या पेटीला बोल्ट करून आरपार सरळ ग्राइंड केलेला बार घाला, आणि डायल गेज बारवर बसवून नव्या स्लीव्हभोवती फिरवा. काटा ०.०५ मिमीच्या आत राहिला तर शाफ्ट बसवायला घ्या.